पन्ह्यानं लावलेली पुस्तकं

माझ्या बायकोला माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे. रक्तदाबाची गोळी मी कधी कधी गालात धरतो आणि बेसिनमध्ये थुंकतो, हेसुद्धा. पण हे ठाऊक नाही. हे कुणालाच ठाऊक नाही. ज्याला होतं तो काशिनाथ शिपाई, आणि तो आता नाही. तेव्हा तुम्हालाच सांगतो. कुठून सुरुवात करू? नारळापासून करतो. तो समोरच आहे.

गेले पंधरा दिवस आमच्या ओट्यावर एक नारळ पडलाय. बायको रोज विचारते, "फोडताय ना?" मी रोज म्हणतो, "उद्या." शेवटी काल म्हणाली, "बाँब आहे का तो?" — तसंच काहीसं. तो माझ्या सत्काराचा नारळ आहे.

भिवंडीतल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. मला सांगायचंय ते वनिताबद्दल. पण तिच्याआधी हमालांबद्दल सांगायला हवं — बघा, लगेच हमालांच्या आड लपलो!

एका वर्षी पावसाचं पाणी तळमजल्यावर शिरायला लागलं, म्हणून ग्रंथालय पहिल्या मजल्यावर न्यायचं ठरलं. संस्थेच्या एका विश्वस्तांचं कापडाचं गोदाम होतं. त्यांनी हमाल पाठवले. माणसं भारी कामाची. दोन दिवसांत सगळी पुस्तकं वर. मुकादमानं विचारलं, "साब, पन्हे से लगा दें?" पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. गोदामात तागे पन्ह्याप्रमाणे रचतात, एका रुंदीचे एका थप्पीत. मी चहा पीत होतो. म्हटलं, "हाँ हाँ, लगाओ." नंतर आपण नंबराप्रमाणे लावून घेऊ, असा विचार केला. खरंच केला होता का? आता आठवत नाही. चहा आठवतो.

त्यांनी पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. बुटकी बुटक्यांत, उंच उंचांत. रसायनशास्त्राशेजारी पाककृती, तिच्याशेजारी ज्ञानेश्वरीवरची टीका — पण कडा अशा सरळ, की वर पट्टी ठेवावी. प्राचार्य आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "वा! आता कुठं हे ग्रंथालय वाटतंय."

आणि मी म्हणालो, "थँक्यू सर."

झालं. त्या दोन शब्दांनंतर पुस्तकं हलवायची कशी? हलवली असती तर आधी का लावली नाहीत, हे सांगावं लागलं असतं. मी नाही हलवली. चार वर्षं. मुलांना आत सोडायचंच नाही, असा नियम काढला. चिठ्ठी द्या, शिपाई पुस्तक आणून देईल. काशिनाथ अंबाडी गावाकडचा. तो चिठ्ठी वाचायचाच नाही. मला विचारायचा, "सायेब, जाडा हाय का बारीक?" मी बोटांनी जाडी दाखवायचो. तो जायचा आणि आणायचा. कधी कधी तर बरोबर आणायचा.

पण दर जुलैत एक दिवस मुलांना आत घ्यावंच लागे — नव्या मुलांना ग्रंथालय वापरायला शिकवायचा दिवस. त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालायचो. "मुलांनो, नंबर म्हणजे पुस्तकाचा पत्ता!" असं म्हणून कार्डांचा खण ओढायचो आणि एखाद्या मुलाला सांगायचो, "काढ कुठलंही कार्ड." कुठलंही? खण मी चार बोटं उघडायचो. त्या चार बोटांत मी मुद्दाम पाचच कार्डं ठेवलेली असायची. त्या पाच पुस्तकांना मी आदल्या दिवशी त्यांच्या योग्य जागी ठेवलेलं असायचं. अख्ख्या ग्रंथालयात आपल्या पत्त्यावर राहणारी पाचच पुस्तकं! मुलगा नंबर वाचायचा, नंबरांच्या पाट्या बघत बघत रॅकपाशी जायचा, पुस्तक सापडायचं. मुलं टाळ्या वाजवायची. मी मान लववायचो. जादूगार तरी तिकीट लावून फसवतो.

चौथ्या वर्षी वनिता आली. अंजूरची, पहिल्या वर्षाची, दोन वेण्या. तिच्या घरी शेती, आणि बाप खाडीत जाळंही टाकायचा. माझा खेळ झाला, टाळ्या झाल्या, आणि ही पुढं आली. "सर, मी माझ्या मनाचं शोधू?" मी काही बोलायच्या आत तिनं खण पूर्ण बाहेर ओढला. खाडीतल्या माशांवरच्या पुस्तकाचं कार्ड काढलं. "चित्रं हायत, लिवलंय. बाबांना दाखवीन." नंबर पाठ करत गेली. रॅकपाशी उभी राहिली. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"सर, नंबर हाय. पुस्तक न्हाय."

चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. तेव्हा काय म्हणता आलं असतं? 'बाळ, माझी चूक आहे' — चार शब्द. मी म्हणालो, "पुस्तक कुठं जात नाही, शोधणाऱ्याची नजर जाते." मुलं हसली. वाक्य जमलं होतं, हेच वाईट. मीही हसलो.

इथं थांबलं असतं तर कदाचित मी नारळ फोडला असता.

ती चार दिवस सुट्टीच्या वेळात आली. काशिनाथनं माझ्या मागे तिला आत सोडलं. चौथ्या दिवशी पुस्तक छातीशी धरून माझ्या टेबलापाशी उभी. टोकाच्या रॅकवर, नकाशांच्या मोठ्या पुस्तकांत सापडलं होतं. चेहरा असा, जणू मासाच पकडून आणलाय. आणि म्हणाली, "सर, हितं सगळी उंचीनं लावलीत का? म्हणजे नंबराचा उपेगच न्हाय ना?"

चार वर्षांत कुणाला न कळलेलं तिला चार दिवसांत कळलं. ग्रंथपालानं अशा मुलीला काय द्यावं? आपली खुर्ची द्यावी.

पण टेबलाशी प्राचार्य उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. आणि मी मोठ्यानं म्हणालो, "म्हणजे तूच तिथं नेऊन ठेवलंस! अशा मुलांमुळेच पुस्तकं जागेवर राहत नाहीत." तिचं लायब्ररी कार्ड दिवाळीपर्यंत जमा करून घेतलं. पुस्तकही घेतलं. काशिनाथ दाराशी होता, तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.  ती म्हणाली, "सॉरी सर."

ती सॉरी म्हणाली. मला.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि काशिनाथनं सगळी पुस्तकं नंबराप्रमाणे लावली. हे मी जमेच्या बाजूला धरत नाही. मला भीती वाटली होती, एवढंच. कॉलेज उघडल्यावर प्राचार्य आले, नाक मुरडून म्हणाले, "पूर्वी किती छान दिसायचं हो!" माशांचं पुस्तक त्याच्या जागी गेलं. मी निवृत्त होईपर्यंत त्याच्यामागच्या तारखांच्या कागदावर एकही शिक्का पडला नाही. तिनं ते पुन्हा मागितलं नाही. मी काही तिला बोलावून दिलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी कॉलेजातून फोन आला. वनिता आता तिथं ग्रंथपाल आहे. नव्या मुलांना ग्रंथालय दाखवायचा दिवस, आणि पाहुणा मी. गेलो. आता मुलं मोकळी आत फिरतात, नंबर संगणकावर बघतात. आणि दारासमोरच्या भिंतीवर, सुबक अक्षरांत: 'पुस्तक कुठं जात नाही, शोधणाऱ्याची नजर जाते.' खाली माझं नाव.

वनिता मुलांना म्हणाली, "बोला, कुठलंही पुस्तक बोला." आणि शोधलेलं प्रत्येक सापडलं. शेवटी तिनं स्वतः एक नंबर काढला, रॅकपाशी गेली आणि माशांचं पुस्तक घेऊन आली. "मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा हे चुकीच्या जागी ठेवलं होतं," ती हसत म्हणाली. "मला आठवतसुद्धा नाही कधी ठेवलं. तेव्हा मला वाटलं होतं, सगळीच उंचीनं लावलीत; पण दिवाळीनंतर बघितलं तर सगळी नंबरानंच होती. सर म्हणाले म्हणजे मीच ठेवलं असणार. सरांनी रागावून कार्ड काढून घेतलं, तेव्हा कळलं, जागेला किती किंमत असते. बाबांना चित्रं दाखवायची राहिली ती राहिलीच." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. हे लक्षात घ्या — तीस वर्षांपूर्वी मी घाबरलो होतो, पण या वेळी कोण उभं होतं टेबलापाशी? प्राचार्य नव्हते. माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "वनिता पहिल्यापासून हुशार." शाल घेतली. नारळ घेतला. रिक्षात बसलो.

हे मी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी देतो आहे. अंक तिच्याच टेबलावरून जातो, म्हणजे पहिल्यांदा तीच वाचेल. अंक छापून आला की ती त्याला नंबर देईल आणि नंबराप्रमाणे ठेवील. भिंतीवरचं वाक्य ठेवायचं की पुसायचं, तिचं ती बघेल.

वनिता, ते पुस्तक तू हलवलं नव्हतंस. पुस्तकं उंचीनंच लावली होती. मला माहीत होतं.