हिसारचा फोन
माझे वडील श्यामकांत दिल्लीत मिनिस्ट्रीत कारकून होते, आणि धाडसी तर मुळीच नव्हते. तरी दर डिसेंबरात रजा टाकून ते एकटेच मोटरसायकलवर बिकानेरला जायचे. का, ते त्यांनाच ठाऊक. मला रागच यायचा, कारण तेवढे दिवस मुनिरक्याच्या घरात आईला घास उतरायचा नाही.

दोघांचं ठरलेलं होतं. वाटेतल्या प्रत्येक मोठ्या गावातून बाबांनी एसटीडी बूथवरून फोन लावायचा आणि दोनदा वाजला की ठेवायचा. म्हणजे ते सुखरूप. आईने तो उचलायचा नाही. उचलला, तर घरी काहीतरी विपरीत घडलंय असं समजून बाबा तिथूनच माघारी फिरणार.

एक्क्याण्णव साली असं धुकं पडलं की समोरची बिल्डिंग दिसेना. रोहतकचा फोन वेळेवर आला. हिसारचा तीन तास उलटून गेले तरी येईना. शेवटी एकदाचा वाजला आणि आईने झडप घालून उचलला. "अहो!" एवढंच म्हणाली आणि हुंदका फुटला. तेवढ्यात लाइन कटली.

"परत करतील, घाबरू नकोस," असं म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. त्या धुक्यातून, ट्रकांच्या मधून, बाबा गाडी पिटाळत निघाले तर?

अर्धा तास गेला.

"परत फोन का करत नाहीत गं?" मागून आईने विचारलं.

मी वळून पाहिलं. रिसीव्हर तिने अजून छातीशी कवटाळला होता.