राजूबाईंनी सर्व्हर निजवला

राजूबाई आणि सर्व्हर यांची पहिली भेट झाली तेव्हा बिदरमधल्या नौबादच्या साडेतीन गल्ल्या आभाळाकडे बघत होत्या. बिदरला हवाई दलाच्या विमानांची सवय आहे, पण हे विमान राजूबाईंच्या मधल्या खोलीत उतरलं होतं. सुनेनं, शिवकन्येनं, हैदराबादहून आणलेला सर्व्हरचा जुना डबा चालू केला आणि त्याचे पंखे गरजले. दारचा कढीपत्ता पानं टाकून मोकळा झाला आणि हळ्ळीखेड गावात मारक्या बैलांना वेसण घातलेल्या राजूबाई पलंगावर चढल्या.

शिवकन्येला नेटवर्कची नोकरी हवी होती. तिनं सासूला समजावलं की, या एका डब्यात अकरा कॉम्प्युटर आहेत आणि त्यांचे निरोप ज्याचे त्याला पोचवणारे दोन स्विचही आहेत; फक्त ते खरे नाहीत, डबाच त्यांची सोंगं घेतो.

"म्हंजी घागर न्हाई, पाणी न्हाई, अन् नळावर भांडण," राजूबाई म्हणाल्या. तरी डब्यावरची धूळ रोज त्याच पुसायच्या आणि शेजारणीला अकराचे एकवीस करून सांगायच्या.

पुण्याच्या एका कंपनीनं परीक्षा ठेवली ती नेमकी खंडेनवमीला, दुपारी चारला. तिकडे कचेऱ्या उघड्या, इकडे आयुधपूजेची सुट्टी. शिवकन्येनं घरूनच, ऑनलाइन, डब्यातलं जाळं चालवून दाखवायचं होतं. सकाळी तिला वाटलं, दोन स्विचमध्ये आणखी एक जोड असलेली बरी. एक तुटली तर दुसरी. झालं! निरोप एकीतून जाऊन दुसरीतून परत येऊ लागले, गरगर फिरत वाढले आणि अकराही कॉम्प्युटर मुके झाले. डबा बंद करायची तिची हिंमत होईना. महिनाभराची मांडणी त्यात होती आणि ती जतन केली की नाही, हेच आठवेना. अडीचला ती तोंड धुवायला गेली.

तेवढ्यात राजूबाई ताट घेऊन आल्या. त्यांच्या घरात नवमीला अवजार चालत नाही. कोयता, मिक्सर, मुलाची स्कूटर, सगळी हळदकुंकू लावून निजली होती. हा एकच बेशिस्त घोंगावत होता. त्यांनी प्लग उपटला, कुंकू लावलं, वर झेंडू ठेवला.

शिवकन्या दारातच खाली बसली. "अत्याबाई, काय केलात हे?"

"आज सगळे निजलेत. ह्येच तेवढं कामून जागं?"

पण सुनेचे डोळे भरलेले पाहून त्या विरघळल्या. "पूजा झाली की आता. उठव त्याला. हलकंच काम सांग."

डबा पुन्हा गरजला. दोघी शेजारी बसून राहिल्या. एकेक करत अकराही कॉम्प्युटर बोलू लागले. महिन्याची मांडणी जतन होती. सकाळची आगाऊ जोड तेवढी जतन करायची राहिली होती, ती प्लगबरोबर गेली. शिवकन्येनं सासूच्या खांद्यावर डोकं टेकून एवढा मोठा श्वास सोडला की झेंडू घरंगळला. काय सुटलं ते राजूबाईंना कळलं नाही, पण हात-पाय त्यांचेही हलके झाले.

नोकरी लागली. पहिलं वर्षभर शिवकन्येकडे पासवर्ड विसरलेल्यांना नवे पासवर्ड देण्याचं काम होतं.