तिनं फक्त अ‍ॅपला विचारलं होतं

मुलगी सहावीत गेली तेव्हा शाळेनं अभ्यासाचं एक अ‍ॅप सक्तीचं केलं. नोकरीतल्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून भोपाळला आलो होतो आणि नेहरू नगरात राहत होतो. प्रवेशाच्या कागदांमध्ये त्या अ‍ॅपचं संमतीपत्रही होतं. मी ते न वाचताच सही केली.

मुलगी बोलताना अडखळायची, पण फक्त वर्गात. घरी तिचं बोलणं सरळ असायचं, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. एका दुपारी तिची मैत्रीण आमच्याकडे गणितं सोडवायला आली. टॅबवर धडा चालू असताना मध्येच जाहिरात उघडली, 'तोतरेपणाची लाज वाटते? आता अस्खलित बोला.' मैत्रीण हसली नाही. हे तुला का येतं, एवढंच तिनं विचारलं. ती गेल्यावर मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त त्या अ‍ॅपला विचारलं होतं, वाचताना शब्द का अडकतो म्हणून."

ती झोपल्यावर मी संमतीपत्र शोधून काढलं. मूल काय विचारतं, कशापाशी किती वेळ थांबतं, हे सगळं 'सहयोगी कंपन्यांना' द्यायची परवानगी मीच देऊन बसले होते. कंपनीचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला.

सोमवारी अर्धी रजा टाकून शाळेत गेले. संमती मागे घेते, मुलीची माहिती पुसा आणि अभ्यास कागदावर द्या, असा अर्ज दिला. प्रिन्सिपल मॅडम सौजन्यानं बोलल्या. जाहिराती तर सगळीकडेच असतात, आजवर कुणाची तक्रार नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या सोमवारी गेले तेव्हाही तेच ऐकलं.

मग मी इतरांना विचारायला लागले. बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात वर्गातल्या एका मुलाची आई भेटली. तिच्या मुलाला अ‍ॅपवर वजन कमी करायच्या पावडरींच्या जाहिराती दिसत होत्या. कागद तिनंही वाचला नव्हता. तिच्यासकट नऊ घरांनी माझ्या अर्जावर सह्या केल्या.

तिसऱ्या खेपेला मुलगी म्हणाली, मीपण येते. मॅडमसमोर ती बोलू लागली आणि दुसऱ्याच शब्दाला अडकली. मॅडमनी मायेनंच तो शब्द पुरा केला. मुलगी थांबली.

"मैम, मुझे पूरा बोलने दीजिए."

आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं. वेळ लागला. मी मध्ये पडले नाही, मॅडमही नाहीत.

महिन्याभरात अ‍ॅप ऐच्छिक झालं, गृहपाठाचे छापील कागद मिळू लागले. मुलीची माहिती पुसल्याचं कंपनीनं कळवलं. ती माहिती आधीच ज्यांच्याकडे गेली त्यांचं काय, याला मात्र उत्तर नाही. मी दर महिन्याला कंपनीला पत्र पाठवते. उत्तर येईपर्यंत पाठवणार आहे.