दुसऱ्या बाजूची पाहुणी

सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका फ्लॅटच्या बॉम्ब शेल्टरमध्ये आमचा इंटरनेट रेडिओ चालायचा. इथल्या नव्या इमारतींत घराघरात अशी जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली असते. लोक तिथे सुटकेसा आणि तांदळाच्या पिशव्या ठेवतात. काकांनी ती रिकामी करून आत दोन माइक, लॅपटॉप आणि टेबलफॅन मांडला होता. इंटरनेटची वायर आत घ्यायची म्हणून दार पूर्ण लागत नसे, आणि घरघर ऐकू जाते म्हणून कार्यक्रमभर फॅन बंद. रविवारी सकाळी तिथे घाम पुसत आम्ही मराठीत बोलायचो, आणि सिंगापूरभर विखुरलेली मराठी माणसं ऐकायची, फोन करायची.

काका तरुणपणी महाराष्ट्रात रेडिओवर निवेदक होते. निवृत्तीनंतर मुलाकडे इथे आले. मी मूळची नागपूरची, जवळच्याच एका चिपच्या कंपनीत इंजिनिअर. एका स्नेहसंमेलनात मला सूत्रसंचालन करताना ऐकून त्यांनी विचारलं, "रविवारी मोकळी असतेस का गं?"

त्यांची शिस्त कडक होती. इथे आपण पाहुणे, म्हणून इथल्या राजकारणावर बोलायचं नाही. महाराष्ट्रातल्या राजकारणावर बोलायचं, पण एका बाजूचा माणूस बोलला की विरुद्ध बाजूच्याला तेवढाच वेळ द्यायचा. फोन थेट हवेवर घ्यायचा नाही. आधी ते स्वतः त्या माणसाशी बोलायचे, काय म्हणायचंय ते विचारायचे. "मत कितीही तिखट असू दे," ते मला सांगायचे, "माणसावर घसरला की आवाज खाली. तिथे बाजूबिजू काही नसते." कधी कधी कार्यक्रम अगदी आळणी व्हायचा. कुणीतरी धरणाबद्दल संथपणे बोलत राहायचं आणि मी जांभई दाबत बसायची. पण ऐकून कुणाला रात्रभर झोप लागली नाही, असं कधी झालं नाही.

मग काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं आणि दोघंही परत गेले. रेडिओ एका तरुण मॅनेजरने हाती घेतला. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत तो काम करायचा. बोलायला मोकळा, कामाला वाघ. त्याच्या कॉन्डोतल्या गार एसीच्या खोलीत आमचा स्टुडिओ गेला. त्याने पहिली गोष्ट केली ती आधी फोन तपासणं बंद करण्याची.

"ताई, आधी बोलून घेतलं की सगळी हवाच निघून जाते," तो म्हणाला. "लोकांना खरंखुरं ऐकायचं असतं."

"आणि कुणी काही वेडंवाकडं बोललं तर?"

"मग दुसऱ्याने उत्तर द्यायचं. तोच तर बॅलन्स."

ऐकणारे खरोखरच वाढले. कार्यक्रमातले भांडणाचे तुकडे कापून तो व्हॉट्सॲपवर सोडायचा आणि ते माझ्या ऑफिसातल्या मराठी मुलांपर्यंत पोचायचे. काकांनी ज्यांबद्दल माफी मागायला लावली असती अशी वाक्यं आता त्या आठवड्याची जाहिरात होऊ लागली. मी दोनदा बोलून पाहिलं. "तुम्ही जुन्या रेडिओच्या आहात," तो हसून म्हणाला.

एका रविवारी विषय आरक्षणाचा होता. मी दोन वकिलांशी बोलायचं सुचवलं होतं, त्याने फोन उघडे ठेवले. फोनवर एक गृहस्थ आले. आवाज शांत, भाषा स्वच्छ, पुण्याकडची.

"आमच्या ऑफिसातही असे लोक आहेत," ते म्हणाले. "इथपर्यंत मार्कांवर आले की सर्टिफिकेटवर, कोण विचारणार? कामात मात्र फरक दिसतो बरं का."

माझा हात आवाजाच्या बटणाकडे गेला. मॅनेजरने मान हलवून मला थांबवलं आणि माइकमध्ये म्हणाला, "आता दुसरी बाजू आपल्या ताईच मांडतील."

मी तिथे निवेदिका म्हणून बसले होते. माझी जात मी कधी हवेवर सांगितली नव्हती. आडनावावरून त्याला ती माहीत होती, आणि त्या एका वाक्याने सगळ्या श्रोत्यांनाही झाली. एकाने माझ्या कामावर शंका घ्यायची आणि मी माझी पात्रता सिद्ध करायची, याला तो समतोल म्हणत होता.

मी म्हणाले, "विषयावर दोन बाजू जरूर आहेत. पण माझ्या कामाला किंमत आहे की नाही, हा आजचा विषय नव्हता. त्यावर मी बाजू मांडणार नाही." मॅनेजरने घाईने गाणं लावलं.

घरी आले. नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. मुलगीही तिथेच होती. तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "आई, सर्टिफिकेट मीन्स व्हॉट? वाय डिडन्ट यू जस्ट म्यूट हिम लाह?" इथे वाढलेल्या त्या पोरीला आम्ही हे कधीच सांगितलं नव्हतं. त्या दुपारी सांगावं लागलं. मला ते आमच्या वेळेने, आमच्या शब्दांत सांगायचं होतं.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. "ताई, जबरदस्त झालं. पुढच्या रविवारी तुम्हाला पाहुणी म्हणून बसवू. पूर्ण वेळ तुमचा."

"आणि समोर कोण?"

"तेच गृहस्थ. तयार आहेत ते."

मी नाही म्हणाले, आणि परत गेलेही नाही. बऱ्याच जणांनी मला खासगीत मेसेज केले, की तुमचंच बरोबर होतं. रेडिओवर फोन करून मात्र ते कुणीच म्हणालं नाही. पुण्याला काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "शिस्त कागदावर नव्हती ना गं. माझ्याबरोबरच निघून आली."

काही महिन्यांनी मराठी मंडळींची पुलाउ उबीन बेटावर सहल होती. बोटीतून उतरताना एका गृहस्थांनी मला हात दिला. "सावकाश," ते म्हणाले. आवाज मी लगेच ओळखला. त्यांनीही माझा ओळखला, थोड्या वेळाने, भाड्याच्या सायकली निवडताना.

"तुम्ही रेडिओवर होतात ना? छान बोलायचात. का सोडलंत?"

"तुमच्या फोननंतर सोडलं."

ते सायकलचा ब्रेक दाबून पाहत राहिले. "ते चर्चेसाठी होतं हो. पर्सनल काही नव्हतं."

"मी चर्चेला नव्हते बसले," मी म्हणाले. "आणि पर्सनल होतं."

त्यांनी मान हलवली, म्हणजे काय ते मला कळलं नाही. पुढे चढापर्यंत आम्ही बरोबरच सायकल चालवली, कारण रस्ता एकच होता. माझी मुलगी पुढच्या सायकलवरून वळून आमच्याकडे पाहत होती, आणि तिने विचारलं तर हे कोण म्हणून सांगायचं, याचा मी विचार करत होते.