पेशीला फोन येत नाही

आमच्या जीवशास्त्राच्या मॅडमना सगळं कॉलेज 'कांदेवाल्या मॅडम' म्हणायचं. प्रयोगशाळेच्या खिडकीत त्यांनी पाणी भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर कांदे बसवलेले असत आणि त्यांना खाली पांढरी मुळं फुटलेली असत. बाकीचे प्राध्यापक जाता-येता विचारत, "काय मॅडम, भजे कवा?" मॅडम हसत नसत. रिसोड तालुक्यातल्या आमच्या त्या कॉलेजात चिडावं अशा गोष्टी पुष्कळ होत्या आणि मॅडम एकीलाही सोडत नसत.

पहिला राग कपाटावर. धूळ बसू नये म्हणून मायक्रोस्कोप वर्षानुवर्षं कुलपात! "हे काय लगनातलं भांडं आहे, सांभाळून ठेवाले?" असं म्हणत त्यांनी पहिल्याच आठवड्यात किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मग मुळाचं टोक ब्लेडनं कापायचं, आम्लात कोमट करायचं, रंग द्यायचा आणि काचेवर अंगठ्यानं दाबायचं, हे आमच्या हातून घडू लागलं. भिंगाखाली विभागता विभागता थांबलेल्या पेशी दिसत. कुठं गुणसूत्रं मधोमध रांगेत, कुठं दोन टोकांना ओढली गेलेली.

त्या रांगेवर मॅडमचा फार जीव. प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंनी धागा जोडला जाईपर्यंत पेशी पुढं सरकत नाही. एक राहिलं तरी बाकीची थांबतात. मॅडम मूळच्या कारंजा गावच्या, हे सांगताना त्या पुस्तकी भाषा विसरत. "पेशीले कोनाचा फोन येत नाई रे. तपासनी झाली का मंगच पुढं. तपासनी टाळत गेली, तं गाठ होते अंगात."

सराव परीक्षेत त्यांनी मुद्दाम मुळाच्या वरच्या, जुन्या भागाची काच लावली. तिथं पेशी विभागत नाहीत. 'दिसेल ते काढा' एवढाच प्रश्न. वर्गानं विभाजनाच्या चारही अवस्था गाईडमधल्यासारख्या, सावली देऊन काढल्या. संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्यानं तर हौसेनं अर्धसूत्री विभाजनही जोडलं. ते फुलात परागकण तयार होताना होतं, मुळांत कधीच नाही.

"काहून रे, मुळीले फूल आलं काय?" मॅडम कडाडल्या.

सगळ्यांना शून्य. 'काहीच विभागताना दिसत नाही' असं लिहिणाऱ्या एकट्या मुलीला पूर्ण गुण.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य आमच्यासमोरच प्रयोगशाळेत आले. "मॅडम, अध्यक्षसाहेबांचा फोन होता. पोराचे मार्क तेवढे पाहून घ्या."

"पाह्यले ना सर. म्हनूनच शून्य देलं."

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, दरवर्षी जूनमध्ये नव्यानं नेमणूक. नोकरी अध्यक्षांच्या हातात आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. गुण बदलले नाहीत, आणि जूनमध्ये त्यांना बोलावलं गेलं नाही. कारण काय, तर म्हणे 'विद्यार्थ्यांशी जुळत नाही'! आम्हाला कुणी विचारलं होतं? ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. जाताना त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि कांदे आम्हाला वाटून टाकले.

यंदा माझी भाची त्याच कॉलेजात आहे. तिला जीवशास्त्र शिकवतो तो अध्यक्षांचा पुतण्या. परवा तिच्या वहीत मला त्याच चार अवस्था दिसल्या, तशीच सावली दिलेल्या.

"हे पाह्यलं कुठी तू?"

"पाह्याचं काय त्यात, मामा? सर फळ्यावर काढून देतेत. मायक्रोस्कोप कपाटात आहे. धूळ बसते म्हने."

अंगाची नुसती लाही झाली. उठलो, स्वयंपाकघरातून एक कांदा आणला आणि पाण्याच्या ग्लासावर बसवला. वाशीमला माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे, तिथला मायक्रोस्कोप दिवसभर उघडा असतो. "मुळ्या फुटल्या का लॅबवर ये," मी म्हणालो.

भाची ग्लासाकडे बघून हसली. "काय मामा, भजे कवा?"

मी हसलो नाही.