उतरल्यावर सांगू

रायगडावर डोली नेणारे तसे पुष्कळ होते, पण एकदा भागोजीच्या डोलीत बसलेला माणूस पुन्हा दुसऱ्या डोलीत बसायला तयार होत नसे. पोटातलं पाणी हलत नाही, म्हणत. चार खांदे, दोन बांबू आणि मध्ये सुंभाने विणलेली बैठक, एवढाच सगळा कारभार. पुढे भागोजी आणि चांगू, मागे गोमाजी आणि हैबती. भात झोडून झालं की होळीपर्यंत हे चौघे पाहुणे गडावर चढवायचे आणि उतरवायचे. बाकीचं वर्ष आपली शेतं, आपली ढोरं. भागोजीच्या उजव्या खांद्यावर आवळ्याएवढा घट्टा पडला होता आणि त्याचा त्याला कोण अभिमान! सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा गडी सदऱ्याची वरची गुंडी सोडून बसायचा.

हे काम त्याला बापाकडून आलेलं. बाप मालोजी सांगायचा, “डोलीत बसला तो पाव्हना. तो गडावर हाय तवर त्येच्या कानावर आपलं रडगानं घालायचं नाय. दुखलं-खुपलं, मेलं-गेलं, समदं उतरल्यावर सांगायचं.” मालोजीने हे स्वतः पाळलं होतं. सख्ख्या भावाला पान लागल्याचं, म्हणजे साप चावल्याचं, गडावर कळलं, तरी हूं की चूं न करता त्याने एका मामलेदाराला सबंध गड दाखवून खाली आणलं होतं. वाडीत ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगत. भाऊ गेला तो गेलाच. यात कौतुक कसलं, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

एकसष्ट सालच्या माघात महाडच्या शाळेतले कमलाकर गुरुजी एका जर्मन साहेबाला घेऊन पाचाडला आले. हार्टमान साहेब. पन्नाशीचे, लढाईत गुडघ्यात गोळी शिरलेली, हातात काठी. जुने किल्ले आणि सरदारांचे वाडे बघत हिंडायचं, हे या माणसाचं वेड. आपल्या मुलखातले दोनेकशे बघून झाले, तेव्हा आमच्याकडे वळलेले. मुंबईहून जीप घेऊन आले होते. ती ड्रायव्हरसकट पायथ्याशी आंब्याखाली उभी राहिली. बोलणं समजावून सांगायला गुरुजी सोबत. गुरुजींना इंग्रजी येत होतं, आणि ते येतं हे साऱ्या तालुक्याला ठाऊक असावं, असंही त्यांना वाटत होतं. माणूस वाईट नव्हता. साहेबाने आपल्याला शहाणं म्हणावं, एवढीच त्या दिवशी त्यांची इच्छा होती.

त्याच पहाटे भागोजीच्या घरी साळूच्या पोटात दुखायला लागलं होतं. साळू म्हणजे भागोजीचा जीव की प्राण. तिच्या आधीची चार लेकरं वर्षाच्या आतच गेली, ही एकटी जगली. पोलादपुराकडे दिलेली, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. भागोजीचा पाय घरातून निघेना, तेव्हा बायको रंगूबाई म्हणाली, “जावा तुमी. पहिलटकरणीला येळ लागतोच. तुमी हितं बसून काय करनार हाव?” तो निघाला, तेव्हा साळूने भिंतीला टेकूनच हात हलवला.

दहाच्या सुमाराला डोली वर पोचली. साहेब उतरून काठी टेकत, गुरुजींसोबत बाजारपेठेची जोती बघत पुढे गेले. तेवढ्यात गडावरची एक धनगरीण पदर सावरत धावत डोलीपाशी आली. खालून हाळी आली होती. आमच्या मुलखात निरोप असाच चढतो: एक वाडी ओरडते, वरची वाडी ऐकून पुढे ओरडते.

“भागोजीदादा, तुज्या साळूला अडलंय रे! पोर पायाळू हाय. सुईन म्हनते, माज्या हातचं नाय आता, म्हाडाला न्या.”

 महाड पंधरा मैल. वाडीतले धडधाकट गडी मुंबईला गिरणीत. उरलेले चार खांदे हे इथे, गडावर. पण खांदे हवेत कशाला? खाली जीप उभी होती! जीप म्हणजे तासाभरात महाड. फक्त साहेबाच्या हुकुमाशिवाय ड्रायव्हर किल्लीला हात लावणार नव्हता, आणि साहेब तर हाकेच्या अंतरावर उभा होता. एका शब्दाचं काम.

“जा, सांग त्येला,” हैबती म्हणाला.

“पाव्हना वर हाय अजून,” भागोजी म्हणाला. “उतरल्यावर सांगू. दुपारपतुर उतरवू की.”

“आरं, दुपारपतुर तिचं काय हुईल?”

 बापाचा शब्द भागोजीच्या जिभेवर धोंड्यासारखा बसला होता. आता म्हणाल, असला कसला शब्द? तुम्हाला-मला म्हणायला काय जातं! ज्या माणसाची सारी अब्रू एका शब्दात असते, त्याला तो टाकता येत नाही. आणि पोरीचा बापच गप्प, तिथे बाकीच्या तिघांनी कसं बोलावं?

पण दुपारपर्यंत उतरायला साहेबाला घाई कुठे होती? टकमक टोकावर ते अर्धा तास उभे राहिले. जगदीश्वराच्या देवळाच्या पायऱ्या त्यांनी पट्टी लावून मोजल्या आणि एका वहीत चित्रं काढली. एकेक रेघ निघत होती आणि भागोजीला खाली साळूचं ओरडणं ऐकू आल्यासारखं होत होतं. ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी येत होतं. शेवटी न राहवून तो गुरुजींजवळ गेला.

“गुरुजी, ऊन वाढतंय. आता उतराय लागलो तर बरं पडंल.”

“अरे, साहेब सात समुद्र ओलांडून आलेत आणि तुला उन्हाची पडलीय!” गुरुजी म्हणाले. “जरा दम धर.”

गंगासागराच्या काठी साहेबांनी डबा उघडला. चौघांना पाव दिला. भागोजीने तो हातात धरला, तोंडाकडे नेला नाही. साहेब खुशीत होते. तळ्याकडे बघत त्यांनी आपल्या मुलखातली गोष्ट काढली आणि गुरुजी ती मराठीत सांगू लागले. त्यांच्याकडचे कितीतरी किल्ले डोंगरावर नाहीत, सपाटीवर आहेत. भोवती रुंद खंदक, खंदकात बारमाही पाणी, आणि वाडा मधोमध उभा. आत जायला एक लाकडी पूल. साखळ्यांनी पूल उचलला की आतला आत, बाहेरचा बाहेर.

“साहेब विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का?” गुरुजी म्हणाले.

चांगू आणि गोमाजी खाली बघत राहिले, हैबती भागोजीकडे. भागोजी मात्र उठून उभा राहिला. आपलं दुःख सांगायचं नव्हतं, पण पाहुण्याने विचार म्हटल्यावर विचारायला तर काही बंदी नव्हती. त्याच्या जिवाला एवढीच एक फट सापडली.

“गुरुजी, साहेबास्नी इचारा,” तो म्हणाला, “त्या पान्यातल्या वाड्यात बाई अडली आन् पूल वर आसंल, तर तिला भाईर कशी काडत्यात?”

गुरुजींचा चेहरा उतरला. परक्या साहेबापुढे बाळंतपणाची गोष्ट! अडाण्याला काही पोच? साहेब उत्सुकतेने बघत होते. गुरुजींनी घसा खाकरला आणि इंग्रजीत दुसरंच काहीतरी विचारलं. साहेब हसले, हात पसरून बराच वेळ बोलले.

“साहेब म्हणतात,” गुरुजींनी सांगितलं, “त्या खंदकात मासेसुद्धा पाळतात. हातभर लांबीचे.”

 भागोजी हळूच खाली बसला आणि त्याने हातातला पाव तळ्याच्या काठावर ठेवून दिला.

उतरायला निघेपर्यंत दीड वाजला. चौघे उतरले कसले, धावले. असल्या पायऱ्यांवरून डोली घेऊन धावणं म्हणजे जिवाशी खेळ, पण कुणी कुणाला थांब म्हटलं नाही. भागोजीचे डोळे भरून वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. वर बसलेल्या साहेबांना वाटलं, गडी रंगात आलेत. ते लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होते. चाल अशी, की त्याही वेगात त्यांना धक्का लागला नाही.

आंब्याखाली जीपच्या चाकाशी घोंगडीवर साळू पडलेली होती. बायकांनी तिला दाराच्या फळीवर घालून तिथवर आणलं होतं. रंगूबाई ड्रायव्हरच्या पाया पडून पडून थकली होती. साळूचा चेहरा पांढराफटक झाला होता आणि ती आता ओरडत नव्हती.

डोली टेकली. पाहुणा उतरला. आता सांगायला हरकत नव्हती, पण भागोजीच्या तोंडून शब्द फुटेना. तो नुसता जीपकडे बोट दाखवत राहिला. साहेबाला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. ते ड्रायव्हरवर असे ओरडले, की आंब्यावरचे कावळे उडाले. काठी टाकून, लंगडत, त्यांनी स्वतः साळूला पायांकडून उचललं. सुईण आणि रंगूबाई तिच्यासोबत बसल्या, गाडी धुरळा उडवत गेली. साहेब आणि गुरुजी मागे राहिले. भागोजी काही अंतर जीपमागे धावला, मग रस्त्यातच मटकन बसला.

ऊन कलायच्या आत जीप परत आली. अर्ध्या वाटेवरचं नाते गावही लागलं नव्हतं. साळू वाटेतच गेली होती, आणि मूलही. सुईण म्हणाली, सकाळी, निदान दुपारच्या आत हलवलं असतं तर दोघांतलं एक तरी हाती लागलं असतं. रंगूबाईने जो हंबरडा फोडला, तो ऐकून वाडीची माणसं धावत आली.

साहेब डोक्याला हात लावून दगडावर बसले होते. मग त्यांनी गुरुजींना काही विचारलं.  गुरुजी भागोजीजवळ आले, त्याच्या नजरेला नजर न देता म्हणाले, “साहेब विचारतात, तुला हे कधी कळलं?”

“सकाळी. वर गेल्याबरुबर.”

गुरुजींनी सांगितलं. साहेब ताडकन उठले. आता ते जवळजवळ ओरडतच बोलत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“साहेब म्हणतात... म्हणतात, दिवसभर मी तुझ्याजवळ होतो. तू एका शब्दाने मला का विचारलं नाहीस?”

भागोजीने वर बघितलं. गुरुजी पांढरे पडले होते. धोतराचा सोगा मुठीत आवळून ते उभे होते आणि आता हा काय बोलतो म्हणून त्यांच्या कपाळावर घाम आला होता. परका माणूस समोर होता आणि गुरुजी गावचे, चार लोकांत मान असलेले.

“सुचलं नाय मला,” भागोजी म्हणाला. “म्हनावं, माजीच चूक हाय.”

गुरुजींनी ते अक्षरन् अक्षर साहेबांना सांगितलं.