वेणीवालीचा जिना

वेणीवालीने मेव्हण्याला जिन्यावरून ढकलून दिलं, अशी कुजबुज गल्लीत बरेच दिवस होती. कुणी म्हणे एका हाताने, कुणी म्हणे लाथेने. इस्त्रीवाला तर त्या वेळी गल्लीतच नव्हता, पण ती लाथ तो उठून मारून दाखवायचा. वेणीवालीच्या कानावर हे आलं की ती पोट धरून हसायची. "मी ढकललं असतं ना, तर खाली नसता पडला. समोरच्या इमारतीत जाऊन बसला असता!"

ही बाई आफ्रिकेहून एका पेटीनिशी आली, मावशीच्या भरवशावर. मावशीने आठवड्यात हात वर केले. दुसरी कुणी रडत परतली असती. हिला मात्र शहराची चटकच लागली. पिवळाधमक झगा घालून दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर बसायची आणि वळणावर लहान पोरासारखी ओरडायची. रविवारी कुठल्याही मुलखातल्या लोकांचा नाच असो, बोलावणं असो की नसो, ही हजर. इथली भाषा ती बाजारातल्या भांडणांतून शिकली, त्यामुळे शिव्या आधी आल्या, व्याकरण सावकाश मागून आलं.

शिंप्याच्या दुकानावरची खोली तिने भाड्याने घेतली. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. आत तीन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि कायम उकळत असलेली किटली. किटली चहाची नव्हे. खऱ्या केसांत खोटे केस गुंफून बारीक वेण्या घातल्या, की त्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवायची, म्हणजे उसवत नाहीत. नर्स, वकिलीणबाई, बस चालवणारी, सगळ्या तिच्यापुढे मान वाकवून बसायच्या आणि घरची लफडी ओकायच्या. दिवसभर दुसऱ्यांची डोकी विंचरणारीला स्वतःच्या डोक्याला वेळ कुठला? तिने आपले केस पार बारीक कापले होते आणि जाळीच्या टोपीवर शिवलेल्या लांबलचक वेण्या ती सकाळी डोक्यावर चढवायची. गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. पुरुषांना कशाला सांगायचं?

आता मेव्हणा. घरमालकाच्या बायकोचा हा भाऊ, पण अख्खी गल्ली त्याला मेव्हणा म्हणायची आणि मनातल्या मनात त्या नात्याची मजा घ्यायची. त्याला ती खोली व्यायामशाळेसाठी हवी होती. दंड फुगवून फिरायचा, पण स्वतःच्या बहिणीपुढे मांजर.

पहिल्यांदा आला तेव्हा खोलीला कुलूप होतं. त्याने जिन्याच्या वरच्या टोकाचा कठडा हिसकून उपटला आणि त्याच लोखंडी नळीने दार फोडायला लागला. शिंपी धावत वर गेला. "अहो, बाईमाणूस आहे, असं काय करता?" नळी आडवी फिरली. शिंप्याचे पुढचे दोन दात पायऱ्यांवरून टणटण करत खाली गेले आणि मागोमाग रक्ताची चूळ.

संध्याकाळी वेणीवाली त्याच्या तोंडावर बर्फ धरून बसली. "भाऊ, माझ्यापायी झालं हे. सोडते मी खोली."

"शोड," शिंपी बोबड्या जिभेने म्हणाला. "शोड आणि जा. मी मात्र आता दोरा तोडायला जन्मभर कात्री हुडकतो."

तिला हसू आलं, मग रडू आलं, मग डोकं फिरलं. "मी या शहरात मजा करायला आलेय, भाऊ. अजून पोट भरलं नाही माझं."

शनिवारी भर दुपारी मेव्हणा पुन्हा आला, सोबत एक टकल्या. खुर्चीत नर्स होती. अर्ध्या डोक्यावर वेण्या, अर्ध्यावर केस ताठ उभे.

"ए काळे, उचल तुझा पसारा!"

"ताई म्हण," वेणीवाली हातातली वेणी न सोडता म्हणाली. "मग बोलू."

त्याने आरशावर गुद्दा घातला. आरसा फुटला, मूठही फुटली. टकल्याने नर्सची खुर्ची उलथवली. वेणीवालीने किटली उचलली आणि सगळं पाणी त्याच्या मांडीवर ओतलं. टकल्या गुरासारखा ओरडला. खाली पडलेल्या नर्सने टोकदार कंगवा त्याच्या पोटरीत खुपसला. जी बाई रोज लोकांच्या जखमा बांधते, तिला जखम करताना पाहणं मोठं मौजेचं! टकल्या लंगडत जिना उतरला तो गल्लीबाहेर जाऊनच थांबला.

मेव्हण्याने मात्र वेणीवालीच्या तोंडात दोन ठेवून दिल्या. ओठ फाटला. तिने त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की दात रुतले. मग त्याने रक्ताळलेल्या मुठीत तिच्या वेण्या पकडल्या, दुसऱ्या हाताने दंड धरून तिला दाराबाहेर फरफटत आणलं आणि सगळा जोर लावून हिसडा दिला.

वेण्या आल्या. सगळ्याच आल्या.

हातात बायकी केसांचा एवढा मोठा झुबका, त्यावरून टपटपणारं रक्त. ते आपलंच आहे, हे त्याच्या टाळक्यात कुठून येणार? आपण बाईची कवटी सोलली, असं वाटून त्याची बोबडी वळली. "आई गं!" करून तो मागे सरला. मागे कठडा हवा होता. तो त्यानेच उपटला होता.

मेव्हणा जिवानिशी वाचला. खुबा मोडला, जबडा तारेने बांधावा लागला. अजूनही तो काठी टेकत जातो आणि वेणीवालीचं दुकान आलं की रस्ता ओलांडतो. फौजदाराने जिन्याखाली उभ्या असलेल्या शिंप्याला विचारलं, तेव्हा तो दात नसलेलं तोंड उघडून म्हणाला, "शाहेब, पाय घशरला." फौजदाराने तुटका कठडा पाहिला, फुटलेला आरसा पाहिला, तिचा ओठ पाहिला आणि तो निघून गेला. मालकाने नवा आरसा लावून दिला. मेव्हण्याच्या बहिणीनेच तशी तंबी दिली होती म्हणे. वेणीवाली पुढच्या रविवारी सुजलेल्या ओठाने नाचायला गेली.

तिने त्याला ढकललं नव्हतं. तो मागे कलला तेव्हा तिने त्याची कॉलर पकडली होती. त्याच्या दोन्ही टाचा जिन्याबाहेर होत्या आणि तो म्हणाला, "ताई, सोडू नका." तिने मूठ उघडली.